बॅगेत तापलेला लॅपटॉप

संगणकाच्या झोपेविषयी आलेल्या पत्रांतले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. चौघेही लिनक्स वापरतात, म्हणून उत्तरेही लिनक्सच्या कर्नलपुरती, म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्यामधल्या गाभ्याच्या सॉफ्टवेअरपुरती, आहेत. फाइलींची आणि फंक्शनांची नावे येथे देवनागरीत छापली असली, तरी संगणकावर ती रोमन अक्षरांत आणि बहुतेक ठिकाणी अंडरस्कोरने जोडून टंकावी लागतील.

प्रश्न : माझा लॅपटॉप दोन वर्षांपूर्वी घेतलेला आहे. झाकण मिटून तो बॅगेत ठेवतो आणि पुण्याहून मुंबईला जातो. बाहेर काढावा तर हाताला चटका बसेल इतका तापलेला असतो आणि बॅटरी निम्म्यावर आलेली असते. आधीचा, दहा वर्षे वापरलेला लॅपटॉप दोन दिवस मिटून ठेवला तरी असे होत नसे. हा कर्नलचा दोष समजायचा का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : दोष बहुधा कर्नलचा नाही, मात्र तो कोणाचा आहे हे शोधण्याची सोय कर्नलमध्येच आहे. आपल्या दोन लॅपटॉपांच्या झोपेचा प्रकारच निराळा आहे. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एसीपीआय या मानकात ‘एस-3’ नावाची अवस्था आहे. तीत प्रोसेसरची आणि बहुतेक उपकरणांची वीज तोडली जाते, मेमरीला आपला मजकूर टिकवण्यापुरती वीज मिळत राहते, आणि शेवटचा खटका फर्मवेअर (यंत्रातच बसवलेले मूळ सॉफ्टवेअर) ओढते. आपला जुना लॅपटॉप असा झोपत असणार. मोबाइलप्रमाणे क्षणात उठणारे यंत्र हवे, या आग्रहातून विंडोज 8 च्या काळापासून, म्हणजे 2012 पासून, दुसरी पद्धत रूढ होत गेली. तिला लिनक्समध्ये ‘एस-टू-आयडल’ म्हणतात. या पद्धतीत फर्मवेअरच्या लेखी यंत्र जागेच असते. कर्नल सगळे प्रोग्राम गोठवतो, एकेक उपकरण झोपवतो आणि प्रोसेसरला काहीच काम देत नाही; यापुढे चिपसेटने (प्रोसेसर आणि इतर उपकरणे यांना जोडणाऱ्या चिपांनी) आपण होऊन खोल झोपेत उतरावे, अशी अपेक्षा असते. गोम आहे ती येथेच. प्रत्येक उपकरण ठरलेल्या पायरीपर्यंत खाली आले, तरच चिपसेट खाली उतरतो. एखाद्या एसएसडीने किंवा वायफाय कार्डाने आपली पीसीआय एक्स्प्रेसची जोडणी जागी ठेवली, तर पडदा काळा आणि पंखा बंद असूनही यंत्र आतून जागेच राहते, आणि बॅगेत वारा लागत नसल्यामुळे तापत जाते. माझ्या मते या बदलात घेणाऱ्याचा तोटाच अधिक झाला आहे, कारण उठताना एक-दोन सेकंद वाचले, पण झाकण मिटले म्हणजे यंत्र झोपले, हा भरवसा गेला.

आता तपासणी. ‘सिस’ फोल्डरातल्या ‘पॉवर’ फोल्डरात ‘मेम स्लीप’ ही फाइल वाचा. तिच्यात ‘एस-टू-आयडल’ आणि ‘डीप’ असे दोन्ही शब्द असतील, तर चौकटी कंसात असलेला प्रकार सध्या निवडलेला आहे. ‘डीप’ म्हणजेच जुनी एस-3. तो शब्द असेल, तर रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून त्याच फाइलीत ‘डीप’ लिहा आणि एक-दोन दिवस वापरून पाहा. यंत्र प्रत्येक वेळी नीट उठत असेल, तरच हा बदल कायम करा. शब्दच नसेल, तर फर्मवेअर ती अवस्था देऊ करत नाही आणि कर्नलला ती स्वतःच्या बळावर निर्माण करता येत नाही. काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये झोपेचा प्रकार निवडण्याचा पर्याय असतो, तेवढा मात्र पाहून घ्या.

एस-टू-आयडलवरच राहावे लागले, तर अंदाज करत बसू नका, मोजा. कर्नल 6.4 पासून, म्हणजे 2023 पासून, त्याच ‘पॉवर’ फोल्डरातल्या ‘सस्पेंड स्टॅट्स’मध्ये ‘लास्ट एचडब्ल्यू स्लीप’ ही फाइल मिळते. यंत्राला पाठबळ असेल, तर मागच्या झोपेत हार्डवेअर प्रत्यक्षात किती मायक्रोसेकंद खोल झोपले होते, तो आकडा तीत असतो. दोन तास झाकण मिटलेले असेल, तर तो 720 कोटींच्या आसपास हवा. शून्य किंवा अगदी लहान आकडा दिसला, तर एखादे उपकरण अडून बसले आहे असे समजा. तेव्हा मेमरी कार्ड, डोंगल, बाहेरची डिस्क असे एकेक काढून तोच प्रयोग पुन्हा करा. कंटाळवाणे काम आहे, पण याहून जवळची वाट नाही.

दुसरी शक्यता अशी, की यंत्र झोपते, पण बॅगेत कोणीतरी ते उठवते. ‘प्रोक’ फोल्डरातल्या ‘एसीपीआय’मधील ‘वेकअप’ या फाइलीत यंत्राला उठवण्याची मुभा असलेल्या उपकरणांची यादी असते. ‘एक्सएचसी’ या नावाची ओळ बहुधा यूएसबी नियंत्रकाची असते. तिच्यासमोर ‘एनेबल्ड’ असेल आणि वायरलेस माउसचा रिसीव्हर लॅपटॉपलाच खोचलेला असेल, तर बॅगेत माउसचे बटण दाबले जाणे एवढेही कारण पुरते. तेच नाव त्या फाइलीत लिहिले, की मुभा रद्द होते. पुन्हा लिहिले, तर परत मिळते. हे दोनदा लिहिण्याचे प्रकरण बरेच जण विसरतात. शिवाय संगणक पुन्हा सुरू केल्यावर ही निवड टिकत नाही.

प्रश्न : झोपलेला लॅपटॉप उठतच नसे, म्हणून मित्राच्या सांगण्यावरून ‘पीएम ट्रेस’ या फाइलीत 1 लिहिले. लॅपटॉप अजूनही उठत नाही आणि आता घड्याळही भलतेच साल दाखवते. घड्याळाची बॅटरी गेली का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बॅटरी ठीक असावी. घड्याळ चुकणे हा त्या सोयीचा ठरलेला परिणाम आहे. मित्राकडून तेवढेच सांगायचे राहिले. उपकरणे उठत असताना यंत्र अडकले, तर कर्नलला निरोप ठेवायला जागाच उरत नाही, कारण पडदा अजून लागलेला नसतो, डिस्क झोपलेली असते, आणि बटण दाबून यंत्र बंद केले की मेमरीतली नोंदही पुसली जाते. बंद यंत्रातही टिकून राहते ते बॅटरीवरचे घड्याळ. म्हणून 2006 साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी अशी युक्ती कर्नलमध्ये घातली, की उठण्याच्या प्रत्येक टप्प्याची आणि उपकरणाची खूण एका संख्येत बदलून ती तारीख-वेळ म्हणून घड्याळातच लिहायची. युक्ती थोडी रानटी आहे. पण पुष्कळांचे हट्टी दोष तिने सापडवून दिले आहेत.

तिचा उपयोग करायचा, तर यंत्र अडकल्यावर सुमारे तीन मिनिटांच्या आत ते बंद करून पुन्हा सुरू करावे लागते, कारण घड्याळ चालत राहते आणि खूण बदलत जाते. सुरू झाल्यावर कर्नलच्या नोंदींत ‘हॅश मॅचेस’ अशी ओळ शोधा. तिच्याबरोबर एखाद्या उपकरणाचे नाव असेल, तर संशय त्याच्या ड्रायव्हरवर, म्हणजे ते उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामवर, घ्यावा. तो ड्रायव्हर झोपेपूर्वी काढून टाकून यंत्र उठते का ते पाहा. काम झाल्यावर फाइलीत 0 लिहा, वेळ इंटरनेटवरून जुळवून घ्या आणि ती घड्याळातही लिहून ठेवा.

प्रश्न : वीज वाचावी म्हणून ‘पॉवरटॉप’ या प्रोग्राममधले सगळे पर्याय एकदम चालू केले. तेव्हापासून दोन-तीन सेकंद हात थांबला की यूएसबी माउसचा लाल दिवा विझतो आणि नुसता हलवून तो जागा होत नाही.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : यूएसबीवर 3 मिलिसेकंद शांतता राहिली, की उपकरणाने झोपेत जावे, असा नियम आहे, आणि झोपेत त्याने 2.5 मिलिअँपिअरहून जास्त वीज ओढायची नसते. तेवढ्यात बहुतेक माउसांचा दिवा पेटत नाही, दिवा नाही म्हणून हालचाल दिसत नाही, आणि उठवण्याचा इशारा देण्यास फक्त बटण उरते. किती वेळ काम नसले तर झोपवायचे, हा कर्नलचा मूळ आकडा दोन सेकंदांचा आहे. एरवी कर्नल माउसच्या वाटेला जात नाही. पॉवरटॉपने माउसच्या स्वतःच्या ‘पॉवर’ फोल्डरातल्या ‘कंट्रोल’ फाइलीत ‘ऑटो’ लिहिले असणार. तेथे ‘ऑन’ लिहा. माउस जागा राहिला, की तो ज्या हबला जोडला आहे तो हबही जागा राहील, हे खरे; पण वेबकॅम आणि बोटांचे ठसे घेणारे यंत्र ‘ऑटो’वर ठेवण्यास हरकत नाही.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी आयटूसी (दोन तारांच्या) जोडणीच्या प्रकाश-सेन्सरचा ड्रायव्हर लिहिला आहे. वाचनापूर्वी ‘पीएम रनटाइम गेट सिंक’ बोलावतो. शून्याखेरीज काहीही परत आले तर एरर देऊन बाहेर पडतो. नाही तर वाचन घेऊन ‘पुट ऑटोसस्पेंड’ करतो. काम नसले तर सेन्सर झोपवण्याची मुदत एक सेकंद ठेवली आहे. पहिले वाचन बरोबर येते. लगेच दुसरे घेतले की एरर येते, मग एररच येत राहते आणि ‘रनटाइम स्टेटस’ कायम ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसते.
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत, की उत्तर त्यांतच आहे. उपकरण झोपलेले असून त्याला यशस्वीपणे उठवले, तर हे फंक्शन 0 देते. उपकरण आधीच जागे असेल, तर 1 देते. आणि बिघाड झाला, तरच ऋण संख्या देते. पहिल्या वाचनाला सेन्सर झोपलेला होता, म्हणून 0 आले. दुसरे वाचन एका सेकंदाच्या आत झाले, तेव्हा सेन्सर जागा होता, 1 आले आणि आपल्या ड्रायव्हरने ती एरर मानली.

एवढ्यावर थांबले असते, तर सेकंदाभराने सगळे सुरळीत झाले असते. पण कर्नल प्रत्येक उपकरणामागे किती जण ते वापरत आहेत याची मोजणी ठेवतो. ‘गेट’ने ती एकाने वाढते, ‘पुट’ने एकाने घटते आणि शून्यावर आली तरच उपकरण झोपू शकते. आपण एरर देऊन बाहेर पडलात ते ‘पुट’ न करताच. वाड्याच्या जिन्यातला दिवा शेवटच्याने मालवायचा असे ठरलेले असावे आणि निघून गेलेला माणूस अजून वरच आहे असे सगळ्यांनी धरून चालावे, तसे हे झाले. सेन्सर आता कधीच झोपणार नाही, म्हणून दर वेळी 1 येणार आणि दर वेळी मोजणी आणखी एकाने चढणार. कर्नल बांधताना ‘पीएम अ‍ॅडव्हान्स्ड डीबग’ हा पर्याय चालू ठेवला, तर ‘रनटाइम युसेज’ या फाइलीत हा आकडा चढताना डोळ्यांनी पाहता येईल.

केवळ ऋण संख्येची तपासणी लावून भागणार नाही, कारण खरोखर बिघाड होऊन ऋण संख्या आली तरी ‘गेट सिंक’ने मोजणी वाढवलेलीच असते. ही ठेच इतक्या ड्रायव्हरांना लागली, की 2020 च्या अखेरीस ‘पीएम रनटाइम रिझ्यूम अँड गेट’ हे वेगळे फंक्शन आणले गेले. ते यश आले तर 0 च देते आणि अपयश आले तर वाढवलेली मोजणी स्वतःच मागे घेते. आपण तेच वापरावे. त्याबरोबर प्रोबमध्येही (उपकरण सापडल्यावर कर्नल बोलावतो त्या फंक्शनमध्ये) एकदा पाहा: सुरुवातीला कर्नल प्रत्येक उपकरण झोपलेले आहे असे धरतो, म्हणून सेन्सरला वीज दिल्यावर आधी ‘सेट अ‍ॅक्टिव्ह’ आणि मग ‘एनेबल’, असाच क्रम हवा.

संपूर्ण बोर्ड झोपवताना काय होते, तेही तपासून ठेवा. त्या वेळी कर्नल आपल्या बाजूने मोजणी वाढवून ठेवतो, त्यामुळे आपली ऑटोसस्पेंडची वाट बंद होते आणि सेन्सर जागा असेल तर जागाच राहतो. यासाठी सिस्टिमच्या झोपेच्या कॉलबॅकमध्ये (झोपवताना कर्नल बोलावतो त्या फंक्शनमध्ये) ‘पीएम रनटाइम फोर्स सस्पेंड’ आणि उठण्याच्या कॉलबॅकमध्ये ‘फोर्स रिझ्यूम’ लावता येते. चाचणीसाठी ‘पीएम डीबग’ पर्यायासह बांधलेल्या कर्नलमध्ये ‘पीएम टेस्ट’ या फाइलीत ‘डिव्हायसेस’ लिहा आणि बोर्ड झोपवा. कर्नल उपकरणे झोपवील, पाच सेकंद थांबेल आणि फर्मवेअरपर्यंत न जाता ती परत उठवील. त्यानंतरचे पहिले वाचन बरोबर आले, तर ड्रायव्हर ठीक आहे. चाचणी झाल्यावर त्याच फाइलीत ‘नन’ लिहायला विसरू नका, नाही तर पुढची प्रत्येक झोप पाच सेकंदांतच मोडेल.