क्रीमी ड्रेसिंग पहिल्यांदा करताय? चक्क्यापासून सुरुवात करा

मेयोनीजच्या मागे आत्ताच लागू नका. अंडं, तेल, फाटण्याची धास्ती, ते सगळं नंतर. सॅलडवर घालायचं पहिलं ड्रेसिंग चक्क्याचं करा. ते सहसा बिघडत नाही आणि चवीला फार छान लागतं.

अर्धा किलो सायीच्या दुधाचं ताजं दही फडक्यात बांधून, चाळणीवर, फ्रिजमध्येच 3-4 तास ठेवा. श्रीखंडाइतका कोरडा चक्का नकोय, चमच्यावरून सावकाश ओघळेल इतपतच. दही आंबट घेतलंत तर नंतर साखरेनेही तो आंबटपणा लपत नाही.

वाटीभर चक्क्याला अर्धा चमचा फेसलेली मोहरी, लसणाची अर्धीच पाकळी किसून, मीठ, मिरपूड. मग 2 चमचे तेल, उग्र वासाचं नको. लिंबू शेवटी, चव बघत बघत.

नवीन असताना चुकतं ते इथे:

- मिक्सर. चक्का त्यात फिरवला की पातळ होतो. हातानेच फेटा.
- तेल एकदम ओतणं. धार बारीक ठेवा, प्रत्येक वेळी जिरू द्या.
- ओली भाजी. सगळ्यात जास्त घात हीच करते. धुतलेली पानं पंच्यावर पसरून खडखडीत कोरडी करा. काकडीला मीठ लागलं की पाणी सुटतं, म्हणून ड्रेसिंग अगदी वाढतानाच मिसळा.

पातळ वाटलं तर घाबरू नका, तासभर फ्रिजमध्ये ठेवलं की दाटपणा येतो. दोन-तीन दिवसांत संपवा, लसूण उग्र होत जातो.