फ्लाय फिशिंगच्या दुकानात उन्हाळी हंगामापुरती नोकरी करणं कसं असतं? मासेमारी फारशी येत नसेल तरी जमेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: जमेल. मी कामाला लागलो तेव्हा गळाला गांडूळ लावून काठावर बसणं, एवढंच मला येत होतं. ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी लोक जिथे येतात अशा एका नदीकाठच्या दुकानात मी अख्खा हंगाम काढला. त्यातले पहिले पंधरा दिवस काउंटरमागे उभं राहून नुसतं ऐकण्यात गेले, आणि तेच पुढे कामाला आलं.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे दुकानातला अर्धा माल आपोआप कळेल. नेहमीच्या गळात वजन आमिषाला किंवा शिशाला असतं. ते भिरकावलं की दोरी त्याच्यामागून जाते. फ्लाय फिशिंगमधलं आमिष म्हणजे हुकवर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. तिला वजन जवळपास नसतंच, त्यामुळे भिरकावता येत नाही. म्हणून वजन दोरीत घातलेलं असतं. फेकायची दोरी, माशी तिच्या शेपटाला लटकून जाते. काठीवर 5 लिहिलेलं असलं तर तो काठीच्या वजनाचा आकडा नव्हे, ती कुठल्या नंबरची दोरी पेलते त्याचा. 5 नंबरच्या दोरीचे पहिले 30 फूट 140 ग्रेन भरतात, म्हणजे साधारण 9 ग्रॅम. ट्राउटसाठी दुकानातून सगळ्यात जास्त जाते ती 9 फुटी, 5 नंबरची काठी.

बाकीचे आकडे उलटे चालतात आणि नव्या माणसाची तिथेच फजिती होते. हुकचा नंबर जितका मोठा तितका हुक बारीक. 12 नंबरची माशी ठसठशीत दिसते, 20 नंबरची बोटाच्या पेरावर हरवते. टोकाच्या पारदर्शक धाग्याला टिपेट म्हणतात, त्यावर 4एक्स, 5एक्स असं लिहिलेलं असतं. 11 मधून तो आकडा वजा करा, जे उरेल तितके सहस्रांश इंच जाडी. म्हणजे 5एक्स हा 0.006 इंचाचा. कुठल्या माशीला कुठला धागा, असं कुणी विचारलं तर माशीच्या नंबरला 3 ने भागा: 16 ला 5एक्स. पहिला आठवडाभर मी हे हिशेब काउंटरखाली खडूने लिहून ठेवले होते आणि गिऱ्हाईक बोलत असताना खाली चोरून बघायचो.

आता प्रत्यक्ष काम. दार उघडलं की पहिला माणूस आत येतो आणि विचारतो, "काय चाललंय नदीवर?" दुसराही तेच विचारतो, तिसराही. तुम्हाला वाटेल आपण काठ्या, रिळं विकायला बसलोय. लोक येतात ते नदीची खबर घ्यायला, आणि खबर खरी निघाली तर जाताना चार माशा आणि टिपेटचं एक रीळ घेऊन जातात. म्हणून दुकान उघडण्याआधी पुलाखाली जाऊन पाण्यात थर्मामीटर धरणं हे माझं काम होतं. तापमान, पाण्याचा विसर्ग आणि काल संध्याकाळी कुठली माशी चालली, एवढं दाराजवळच्या फळ्यावर लिहायचं. शेवटची गोष्ट गाइडांकडून, म्हणजे गिऱ्हाइकांना नदीवर मासेमारीला नेणाऱ्यांकडून, काढून घ्यावी लागते आणि गाइड नव्या पोराशी फार बोलत नाहीत. आमच्याकडचा एक जण तर सकाळी येऊन टोपीत खोचलेली, कालची ओली होऊन वाळलेली माशी काढून काउंटरवर ठेवायचा आणि एक अक्षर न बोलता निघून जायचा. तोच त्याचा अहवाल. मी ती उचलायची आणि तिचं भावंड कुठल्या कप्प्यात आहे ते शोधायचं.

या माशांच्या कप्प्यांबद्दल सांगायलाच हवं. उथळ लाकडी ट्रे, त्यात शेकडो चौकोनी कप्पे, प्रत्येकावर नाव आणि नंबर. गिऱ्हाईक बोटांनी माशी उचलतं, उजेडात धरून बघतं आणि शेजारच्या कप्प्यात टाकतं. दिवसभरात 16, 18 आणि 20 यांची खिचडी होते. दुपारी दुकान ओस पडलं की मी चिमटा आणि भिंग घेऊन त्या वेगळ्या करायचो. घरून फोन आला, "काय करतोयस?" तर मी खरं तेच सांगायचो, माशा मारत बसलोय. पण त्या निवडण्यातच मला माल कळला. ज्याचे पंख उभे ती मेफ्लाय या पाणकिड्याची नक्कल, ज्याचे पंख पाठीवर कौलारू छपरासारखे उतरते ती कॅडिस या दुसऱ्या पाणकिड्याची, आणि ज्याला पंखच नाहीत ती अशा किड्यांच्या पाण्याखाली वाढणाऱ्या अवस्थेची, म्हणजे निम्फची. मेफ्लाय पूर्ण वाढ होऊन पाण्याबाहेर आली की काही खात नाही, तिला कामाचं तोंडच नसतं. काही तास, फार तर एखाद-दोन दिवस जगते. तेवढ्यात ट्राउटची त्यांच्यावर तुटून पडायची गर्दी होते. गिऱ्हाइकं ज्या 'हॅच'बद्दल डोळे मोठे करून बोलतात तो हाच प्रकार.

काही सुचलंच नाही तर 'अ‍ॅडम्स' द्या. करड्या रंगाची ही माशी 1922 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये लेन हॅलडे यांनी बांधली आणि चार्ल्स अ‍ॅडम्स या आपल्या मित्राचं नाव तिला दिलं. ती कुठल्याच एका किड्यासारखी हुबेहूब दिसत नाही, थोडी थोडी बऱ्याच किड्यांसारखी दिसते. म्हणूनच चालते. 14, 16 आणि 18 नंबरच्या दोन-दोन दिल्या तर गिऱ्हाईक परत येऊन भांडत नाही.

भांडायला आलेलं गिऱ्हाईक माझ्या वाट्याला आलं ते दोरीवरून. रिळावर दोरी भरून देणं हे दुकानातलं रोजचं काम. आधी बॅकिंग, म्हणजे तळाची पातळ दोरी गुंडाळायची, मग तिला फेकायची दोरी जोडायची. या दोरीचे पुढचे तीस-चाळीस फूट जाड असतात आणि मागची सगळी बारीक. नव्या दोरीवर 'हे टोक रिळाला' अशी चिठ्ठी चिकटवलेली असते. माझ्या हातातली दोरी आधी एकदा उलगडलेली होती, चिठ्ठी पडून गेली होती, आणि मी बेधडक जाड टोक बॅकिंगला बांधलं. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ दारातूनच बोलत आले. तीस वर्षं काठी हातात धरतोय म्हणाले, आणि काल सबंध दिवस दोरी पायाशी ढीग होऊन पडत होती. कुठे माशी शिंकली ते मला कळेना. मालकीणबाईंनी रिळातून हातभर दोरी ओढली, दोन बोटांत चोळली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. मी ती सगळी हिरवळीवर उलगडली, फिरवली आणि त्या गृहस्थांसमोर पुन्हा भरली. त्यांनी त्या वेळात मला दोरी या विषयावर एक व्याख्यान दिलं. सांगायला हरकत नाही, व्याख्यान उत्तम होतं. त्यानंतर ते दुकानात आले की मलाच हाक मारायचे.

भाड्याच्या वेडर्सबद्दल थोडक्यात: घाण वास येतो. छातीपर्यंतच्या त्या जलरोधक विजारी रोज ओल्या परत येतात. त्या उलट्या करून टांगायच्या, सुकवायच्या, आणि गळतात अशी तक्रार असेल तर आतल्या बाजूने रबिंग अल्कोहोल फवारायचं. जिथे सूक्ष्म भोक असेल तिथे गडद ठिपका उमटतो, त्यावर चिकटद्रव्याचा थेंब. बूट मात्र मनापासून धुवा. एका नदीतलं शेवाळ आणि रोग दुसऱ्या नदीत जातात ते बुटांच्या तळव्यांतून. नमद्याचे तळवे पकड चांगली देतात, पण लवकर वाळत नाहीत. डिडिमो नावाच्या शेवाळापायी न्यूझीलंडने 2008 मध्ये असे तळवे बंदच केले.

ऐन उन्हाळ्यात एक अवघड काम येतं, गिऱ्हाइकाला नदीवर जाऊ नका म्हणायचं. 10 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरला साधारण 11 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 20 अंशांना 9 च्या आसपास, आणि नेमकं तेव्हाच ट्राउटला तो जास्त लागतो. अशा पाण्यात दमवून सोडलेला मासा तुमच्यासमोर पोहत जातो आणि नंतर मरतो. एकदा भर दुपारी एक गृहस्थ आपल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले, भाड्याचं सगळं सामान हवं म्हणाले. फळ्यावर 21 लिहिलेलं होतं, ते मीच लिहिलं होतं. बाईंनी सांगितलं, उद्या उजाडताना या. मुलगा रडवेला झाला. मग बाईंनी मला काठी घेऊन मागच्या हिरवळीवर पिटाळलं. माशीच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधून मी त्याला तासभर दोरी फेकायला शिकवलं. मागे नेऊन थांब, दोरी सरळ होऊ दे, मग पुढे आण. खरं सांगायचं तर मलाही ते तेव्हा धड येत नव्हतं. तासाभरात त्याची दोरी माझ्यापेक्षा सरळ पडायला लागली. दुसऱ्या दिवशी ते दोघं माझ्या आधी दारात हजर होते.

आता जे सहसा कुणी सांगत नाही ते. तुम्ही मासेमारी कमीच कराल. मासे चांगले लागतात ती सकाळ आणि संध्याकाळ, आणि दुकानात गर्दीही तेव्हाच. कुलूप लावल्यापासून अंधार पडेपर्यंतचा वेळ तुमचा. आणि कर्मचाऱ्यांना मिळणारी सवलत हा तुमच्यासाठी टाकलेला गळ आहे. माझ्या पगारातला बराच भाग एक काठी, एक रीळ आणि ध्रुवीकृत काचांचा चष्मा या रूपात त्याच गल्ल्यात परत गेला. चष्म्याबद्दल पस्तावा नाही, पाण्याखालचं दिसायला लागतं. काठीबद्दल आहे. गाडीच्या दारात तिचं टोक मीच चिरडलं, तेही हंगामातच.

जायचं ठरलं तर निघण्यापूर्वी घरी तीन गाठी घोटून घ्या: माशी बांधायला इम्प्रूव्ह्ड क्लिंच, धाग्याला धागा जोडायला सर्जन्स, आणि दोरीला लीडर, म्हणजे दोरी आणि टिपेट यांच्यामधला निमुळता पारदर्शक धागा, जोडायला नेल नॉट. आवळण्याआधी थुंकीने ओली करायची, कोरडी आवळली तर घर्षणाने धागा तिथेच कमजोर होतो. मुलाखतीत 'सगळं येतं' असं दाखवू नका, दुकानातली जुनी गिऱ्हाइकं दोन प्रश्नांत सोलून काढतात. 'मला माहीत नाही, विचारून सांगतो' हे वाक्य तिथे पूर्ण चालतं, फक्त खरंच विचारून सांगावं लागतं.

मालकांना आधीच विचारून घ्या: राहायची सोय कुणाची, सुट्टी आठवड्यातून कधी, आणि एखाद्या गाइडबरोबर एक-दोन दिवस नदीवर पाठवाल का. शेवटची गोष्ट हट्टाने मागा, त्या दोन दिवसांत महिन्याभराचं शिकून होतं. आणि हंगामअखेरची माल मोजणी कधी आहे तेही विचारा. त्या ट्रेमधल्या माशा एकेक करून मोजाव्या लागतात. परतीचं तिकीट त्यानंतरचं काढा. मी आधीचं काढलं होतं आणि ते बदलून घ्यावं लागलं.