पहिली सायकल हायब्रिडच घे
भावा, हायब्रिड घेऊ की रोडबाईक असं विचारतोयस ना? फिटनेससाठीच चालवायची तर बिनधास्त हायब्रिड घे, म्हणजे सरळ हँडलची, रोडबाईक आणि माउंटन बाईकच्या मधली सायकल. रोडबाईक म्हणजे खाली वळलेल्या हँडलची, वेगासाठीची सायकल; तिचे टायर बहुतेक २५-२८ मिमीचे. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांत मनगटं आणि कंबर दोन्ही बोलायला लागतात. हायब्रिडला ३५ च्या आसपासचे टायर असतात, पाठ ताठ राहते, ट्रॅफिकमध्ये मान वर ठेवून बघता येतं. पुढं पन्हाळ्याचा चढ आणि लांब पल्ल्याचा नाद लागला की रोडबाईक बघू.

नवीन पोरं चुकतात ती इथं:
- रंग बघून सायकल घेतात, फ्रेमचा साइज बघत नाहीत.
- पुढं सस्पेन्शन मागतात. स्वस्तातलं सस्पेन्शन नुसतं वजन वाढवतं.
- सीट खाली ठेवतात, मग गुडघे धरतात. पॅडल अगदी खाली, त्यावर टाच, पाय सरळ झाला पाहिजे.

हेल्मेटचे पैसे आधीच बाजूला काढ. सायकल घेतलीस की रंकाळ्यावर घेऊन ये, सीट मी लावून देतो.