वाळू, धूळ आणि कॅमेरा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डिसेंबरमध्ये आम्ही पाच जण मोटारसायकलींवर जैसलमेरला निघालो आहोत. तिथल्या सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर शूटिंग करायचं आहे. सोबत दोन ॲक्शन कॅमेरे आणि एक मिररलेस (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आहे, त्याला २४-१०५ मिलिमीटरची झूम लेन्स. कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला की झालं, असं मित्र म्हणतात. तेवढं पुरेल का? (पुणे)

पिशवी हवीच, पण तेवढ्यावर विसंबू नका. कॅमेऱ्याच्या पोटात वाळू जाते ती बहुतेक वेळा गाडी पळताना नाही, गाडी थांबल्यावर. बॅटरी संपते, कार्ड भरतं, लेन्स बदलावीशी वाटते, आणि वाळूने माखलेल्या हातमोज्यांनी झाकण उघडलं जातं. म्हणून झाकण उघडायची वेळच कमी येईल अशी तयारी घरीच करा. १०० एमबीपीएसने (म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट) शूट केलं तर तासाला ४५ जीबी जागा लागते. १२८ जीबीच्या कार्डात पावणेतीन तास बसतात, २५६ जीबीच्या कार्डात साडेपाच. दिवसभरात कार्डाला हात लावायची गरजच पडू नये.

बॅटरी मात्र बदलावी लागेलच. गाडीच्या आडोशाला वाऱ्याकडे पाठ करून बसा. हातमोजे काढा, हात कोरड्या फडक्याने पुसा. झाकण बंद असतानाच त्याच्या फटीवर रबरी ब्लोअरने हवा मारा, मऊ ब्रश फिरवा. मग झाकणाची बाजू जमिनीकडे करून उघडा, म्हणजे सुटलेला कण खाली पडेल, आत जाणार नाही. बंद करण्याआधी झाकणाचं रबरी सील नीट बघा. त्यावर एखादा कण किंवा केस अडकला तर झाकण ‘टक्’ असं लागतं, पण सील बसत नाही. त्या फटीतून पुढे दिवसभर धूळ आत जात राहते आणि पाण्यापासूनचं संरक्षणही जातं.

आता मिररलेस. लेन्स मैदानात बदलायचीच नाही. एक लेन्स ठरवा आणि हॉटेलवरून निघतानाच लावा. तुमच्या २४-१०५सारख्या लेन्सची नळी झूम करताना पुढे येते. नळी पुढे आली की आतली जागा वाढते आणि सांध्यांतून हवा ओढली जाते, हवेबरोबर बारीक धूळही. सायकलच्या पंपासारखंच हे काम चालतं. त्यामुळे वाऱ्यात असाल तर एक फोकल लेंग्थ (झूमची एकच जागा) धरा, रिंगवर गॅफर टेपचा (डाग न सोडता निघणाऱ्या कापडी टेपचा) एक वेढा द्या आणि पुढे-मागे जायचं ते पायांनी जा. लेन्सवर साधा पारदर्शक फिल्टर घरीच लावा आणि परत येईपर्यंत काढू नका. काही लेन्सचं सीलबंदपण पुढे फिल्टर लावल्यावरच पूर्ण होतं, शिवाय ओरखडा पडला तर तो फिल्टरवर पडतो.

कव्हरसाठी जाड पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घ्या, साधारण १२ बाय १८ इंचांची. तिच्या बंद टोकाला लेन्स हूडच्या (लेन्सपुढच्या ऊन अडवणाऱ्या कड्याच्या) व्यासापेक्षा एक सेंटिमीटर लहान भोक पाडा. भोक ताणून हूडवर चढवा, वरून रबरबँडचे दोन वेढे आणि टेपची एक पट्टी. पिशवीचं उघडं टोक खाली लोंबतं ठेवा. हात तिथूनच आत जातात आणि कॅमेऱ्याची उष्णताही तिथूनच बाहेर पडते. पिशवी चहूबाजूंनी बंद केली तर उन्हात कॅमेरा तापून बंद पडेल.

उभं कुठे राहायचं यावरही पुष्कळ अवलंबून आहे. वाऱ्याने उडणारे वाळूचे कण उड्या मारत जातात आणि त्यातले बहुतेक गुडघ्याच्या उंचीच्या आतच राहतात. ट्रायपॉड छातीच्या उंचीवर ठेवला तर बराच मारा टळतो. जमिनीलगतचा शॉट हवाच असेल तर तो ॲक्शन कॅमेऱ्याकडून घ्या. वारा जिकडून येतो त्या बाजूला, चालकापासून किमान १५-२० मीटरवर उभे राहा. वळणावर मागचं चाक वाळूचा फवारा बाहेरच्या अंगाला फेकतं, तेव्हा ती बाजू टाळा. आणि टेकडीच्या माथ्यापलीकडे, जिथे चढून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही, तिथे कुठल्याही शॉटसाठी उभे राहू नका. ट्रायपॉडच्या पायाचा सर्वात खालचा भाग वीतभर बाहेर काढूनच ठेवा, म्हणजे लॉक वाळूत बुडत नाही.

त्या परिसरात डेझर्ट नॅशनल पार्क आहे, आपल्या माळढोकाचं घर. त्याच्या हद्दीत परवानगीशिवाय गाडी वाळूत घालू नका.

प्रश्न : वाळवंटातून परत आल्यापासून लेन्सची झूम रिंग फिरवताना ‘कर्र’ असा आवाज येतो. समोरच्या काचेवरही कण दिसतात. वंगणाचा स्प्रे मारून मोकळी होईल का? (नाशिक)

स्प्रे अजिबात मारू नका. तेल सांध्यातून आत उतरतं, वाळूशी मिसळून तिची घासणारी लुगदी होते आणि उष्णतेने पातळ होऊन ॲपर्चरच्या (आत येणारा उजेड कमी-जास्त करणाऱ्या) पात्यांपर्यंत पोहोचतं. रिंग ‘मोकळी होईल’ म्हणून मागे-पुढे फिरवणंही आजच थांबवा. प्रत्येक फेरीत तो कण आणखी आत जातो आणि खाच पाडतो.

लेन्स उभी, तोंड खाली धरा. रिंगच्या कडेने मऊ ब्रश फिरवा, ब्लोअरने दहा-पंधरा वेळा हवा मारा, हलक्या हाताने टिचक्या मारा. यानंतर एकदाच, सावकाश फिरवून बघा. आवाज गेला नसेल तर लेन्स सर्व्हिस सेंटरला द्या आणि वाळू गेली आहे हे स्पष्ट सांगा. लपवलं तर ते फक्त वरवर पुसून परत करतील.

काचेवरच्या कणांना फडकं लावायचं ते सगळ्यात शेवटी. थारची वाळू बहुतांशी क्वार्ट्झची, म्हणजे आपल्या गारगोटीची. मोह्स मापावर तिचा कठीणपणा ७, साध्या काचेचा सुमारे साडेपाच. कण काचेवर असताना फडकं फिरवलं तर तो फडक्याखाली ओढला जाऊन ओरखडा काढतो. सवयीने टी-शर्टचं टोक वापरलं जातं, आणि टी-शर्टमध्येही वाळूच असते. आधी ब्लोअर, मग ब्रश, कण उरला नाही याची खात्री टॉर्चच्या तिरप्या उजेडात करून घ्या. त्यानंतर लेन्सच्या द्रावणाचे एक-दोन थेंब फडक्यावर (काचेवर नव्हे) घालून मधून बाहेर गोल पुसा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी उडते. दाबाच्या डब्यातली हवाही नको, तिच्यातलं द्रव काचेवर आणि सेन्सरवर डाग पाडतं. फिल्टरच्या आट्यांत वाळू अडकून तो फिरत नसेल तर पक्कड लावण्याआधी आट्यांतून ब्रश फिरवा, मग रबरी हातमोजा घालून सगळ्या कडेवर सारखा जोर देत फिरवा. एकाच ठिकाणी दाबलं तर रिंग अंडाकृती होऊन आणखी घट्ट बसते.

प्रश्न : आम्ही दुबईबाहेरच्या वाळूत गाड्या नेतो. ॲक्शन कॅमेरा १० मीटरपर्यंत वॉटरप्रूफ आहे, तरी चित्र धूसर येतं आणि गाडी थांबली की कॅमेरा बंद पडतो. वाळू गेली असेल का? (दुबई)

वाळू असेलच असं नाही. धूसरपणा फक्त पहिल्या काही मिनिटांत येत असेल तर ती वाफ आहे. एसी गाडीतून थंडगार कॅमेरा बाहेरच्या दमट, गरम हवेत आला की काचेवर पाणी धरतं. गाडीत असतानाच कॅमेरा झिपलॉक पिशवीत बंद करा, पिशवीसकट बाहेर आणा आणि २०-३० मिनिटांनी उघडा.

धूसरपणा कायम असेल, विशेषतः सूर्य समोर असताना चित्रावर दुधी पडदा येत असेल, तर काचेवर बहुधा बारीक ओरखडे आहेत. टूथपेस्टने घासायचा उपाय करू नका, त्याने कोटिंगच निघून जातं. काही मॉडेलमध्ये पुढची काच बदलता येते, तुमच्यात येत असेल तर तीच बदला.

बंद पडण्याचं कारण बहुधा उष्णता. धावत्या गाडीवर वारा कॅमेऱ्याला थंड ठेवतो, थांबल्यावर तो वारा नसतो. थांबलात की रेकॉर्डिंग बंद करा, कॅमेरा सावलीत घ्या, ४के व्हिडिओ सेकंदाला ६० फ्रेमऐवजी ३० फ्रेमवर ठेवा. आणि चार्जिंगची वायर जोडण्यासाठी बाजूचं झाकण उघडं ठेवून गाडी चालवत असाल, तर त्या वेळी कॅमेरा वॉटरप्रूफही नसतो आणि धुळीपासून सुरक्षितही नसतो.

प्रश्न : रत्नागिरीजवळच्या सड्यांवर (जांभ्या कातळाच्या पठारांवर) मोटारसायकलने फिरताना मोबाइल हँडलवर लावून शूट केलं तर चालेल का? (रत्नागिरी)

नको. धुळीपेक्षा मोठा धोका थरथरीचा आहे. मोटारसायकलच्या इंजिनाच्या कंपनांनी मोबाइल कॅमेऱ्यातली चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच दिला होता. ॲक्शन कॅमेरा हेल्मेटच्या हनुवटीवर लावा. तिथे चाकांची धूळही कमी पोहोचते.

जांभ्याची लाल धूळ वाळूपेक्षा फार बारीक असते आणि ओली झाली की चिकटते. त्यामुळे तिच्यावर आधी ओलं फडकं लावू नका, कोरड्या ब्रशने झाडा. सील शाबूत आणि झाकणं बंद असलेला वॉटरप्रूफ कॅमेरा नंतर गोड्या पाण्याच्या भांड्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. बटणांभोवतीची लाली त्यानेच निघते. बाहेर काढून पूर्ण वाळल्याशिवाय झाकण उघडू नका.