‘18 वर्षे जुनी’ की ‘18 वर्षे मुरलेली’?

प्रश्न असा आला आहे: सिंगल माल्ट स्कॉचच्या (मोड आणलेल्या जवापासून केलेल्या स्कॉटलंडच्या व्हिस्कीच्या) बाटलीवर ‘एज्ड 18 इयर्स’ छापलेलं असतं, त्याला मराठीत ‘18 वर्षे जुनी’ म्हणावं का? आणि ‘सिंगल’ म्हणजे एकाच पिंपातली का?

‘जुनी’ नको, ‘मुरलेली’ म्हणा. बाटलीवरचं वय म्हणजे व्हिस्की ओकच्या पिंपात जेवढी वर्षं होती तेवढंच. बाटलीत भरली की ते थांबतं. 1995 साली भरलेली 12 वर्षांची बाटली कुणाच्या कपाटात न उघडता पडून असेल, तर बाटली जुनी झाली. आतली व्हिस्की 12 वर्षांचीच. शिवाय सिंगल माल्टमध्ये सहसा अनेक पिंपांतली व्हिस्की एकत्र केलेली असते, आणि वय लिहायचंच तर कायद्याने त्यातल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचं लिहावं लागतं. 18च्या बाटलीत 20 वर्षं मुरलेली चालते, 17 वर्षं मुरलेली चालत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे: ‘सिंगल’ म्हणजे एकाच डिस्टिलरीची, मद्य गाळण्याच्या एकाच कारखान्याची. एकाच पिंपातली असेल तर ती ‘सिंगल कास्क’.

पण ‘मुरणे’ मला पटतं ते याहून मोठ्या कारणासाठी. हे क्रियापद आपण दोन अर्थांनी वापरतो. पाणी जमिनीत मुरतं, म्हणजे झिरपून आत जातं. लोणचं मुरतं, म्हणजे दिवस जातील तशी त्याची चव जुळून येते. ओकच्या पिंपात हे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे होतात. नुकतंच गाळलेलं मद्य रंगहीन असतं आणि जिभेला चटका देतं. हवा तापली की ते लाकडात शिरतं, गारठली की मागे येतं, आणि येताना लाकडातला व्हॅनिलाचा सुगंध, तुरटपणा आणि सोनेरी रंग घेऊन येतं. दर वर्षी सुमारे 2 टक्के उडूनही जातं. स्कॉटलंडमध्ये त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. लाकडात मुरता मुरताच व्हिस्की मुरते. ‘एज्ड’मधून नुसता काळ कळतो, ‘मुरलेली’मधून त्या काळात काय घडलं तेही कळतं. ‘परिपक्व’ चुकीचा नाही, पण त्यात लाकूड कुठेच नाही.

(‘मुरब्बी’ मात्र या कुळातला नव्हे. तो अरबीतून आला, आणि त्याचा मूळ अर्थ सांभाळ करणारा, आश्रयदाता.)

चव सांगतानाही शब्द निवडून वापरावेत असं मला मनापासून वाटतं. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या लाफ्रोइग किंवा लागावुलिन या व्हिस्कींना ‘स्मोकी’ म्हणतात, त्याचं भाषांतर सर्रास ‘धुरकट’ असं होतं. धुरकट काच, धुरकट आकाश. हा मुळात डोळ्यांचा शब्द आहे. तिथे मोड आणलेलं ओलं जव पीटच्या धुरावर वाळवतात. पीट म्हणजे दलदलीत वनस्पती दबून तयार झालेलं, जमिनीतून कापून काढायचं इंधन. तेव्हा ‘धुरी दिलेली’ हेच अचूक वर्णन. ही धुरी वर्षांनुसार निवळते. 10 वर्षांच्या लाफ्रोइगमध्ये टिंक्चर आयोडिनची आठवण करून देणारा वास थेट नाकात जातो. जास्त मुरलेल्या बाटलीत तो मागे सरतो आणि सुक्या फळांचा गोडवा पुढे येतो. थोडे थेंब पाणी घातलं की वास ‘फुलतो’. ‘फिनिश’साठी ‘शेवट’ अजिबात नको: गिळल्यावर चव जिभेवर ‘रेंगाळते’, आणि किती वेळ रेंगाळते हेच तर पाहायचं असतं.

एक पुरावा आपल्या जवळचाही आहे. स्कॉच म्हणवून घ्यायला स्कॉटलंडमध्ये किमान 3 वर्षं ओकमध्ये काढावी लागतात, आणि तिथल्या गार हवेत 18 वर्षंही सोसतात. गोव्याच्या उष्णतेत पिंपातलं मद्य कितीतरी वेगाने उडतं आणि लाकडाचा अंशही लवकर उतरतो. तिथे 18 वर्षं ठेवली तर फार थोडी उरेल, आणि उरेल ती लाकडासारखी तुरट. म्हणून गोव्याच्या पॉल जॉन सिंगल माल्टच्या बहुतेक बाटल्यांवर वर्षांचा आकडा नसतो. अशा व्हिस्कीला ‘जुनी’ म्हणता येत नाही. ‘छान मुरली आहे’ असं बिनदिक्कत म्हणता येतं.