लिथोग्राफीत दगडावर चित्र कोरतात का?

नाही, लिथोग्राफीत म्हणजे शिळाछापात चित्र कोरत नाहीत, सपाट चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने काढतात. तेल आणि पाणी एकत्र येत नाहीत, सगळं त्यावरच चालतं. डिंक आणि सौम्य आम्लाचा हात दिला की मोकळा दगड पाणी धरून ठेवतो आणि रूळ फिरवल्यावर शाई फक्त रेघांवर बसते. खडूचा खरबरीत कणही कागदावर उतरतो! म्हणून तर स्पॅनिश चित्रकार गोयाने १८२५ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोत बुलफाइटची चित्रं थेट दगडावर काढली. मात्र जर्मनीत झेनेफेल्डरने १७९६ मध्ये या तंत्राची सुरुवात केली तेव्हा तो आम्लाने दगड झिजवून अक्षरं उठावात आणत होता. सपाट छपाई त्याला १७९८च्या सुमारास साधली. रविवर्म्याच्या मुंबईतल्या छापखान्यातली देवादिकांची रंगीत चित्रंही दगडावरचीच, दर रंगाला वेगळा दगड.