पुढून मोटार, मागून हौदा : आजोबांची गाडी नेमकी कोणती?

प्रश्न : सांगली जिल्ह्यातील आमच्या मळ्यात आजोबांची एक जुनी गाडी उभी आहे. पुढून ती मोटारीसारखी दिसते, दारे दोनच आहेत आणि मागे सागवानी फळ्यांचा हौदा आहे. बॉनेटच्या टोकाला शिडाचे जहाज आहे, चाकांच्या टोप्यांवर मात्र ‘डॉज’ असे कोरलेले आहे. इंजिनावरचा क्रमांक ‘पी १५’ ने सुरू होतो. आजोबांनी ती १९५० च्या दशकात मुंबईहून आणली आणि ती कंपनीतूनच अशी आली होती, असे घरात सांगतात. डाव्या चाकाचे बोल्ट सैल होईनात म्हणून आणलेल्या मिस्त्रींच्या मते ही डॉजची पिकअप आहे आणि लाकडी हौदा काढून पत्र्याचा बसवावा. ही गाडी खरोखर कोणती आहे आणि हौदा बदलावा का?
— एक वाचक, जि. सांगली

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत बोलका पुरावा बॉनेटवरच्या जहाजाचा आहे. इंग्लंडहून निघालेले वसाहतकरी १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून अमेरिकेत ज्या प्लिमथला उतरले, त्या गावाचे नाव क्रायस्लर कंपनीने आपल्या स्वस्त मोटारींना दिले आणि ते जहाज त्यांचे चिन्ह झाले. डॉजच्या बॉनेटवर मेंढा असे. ‘पी १५’ ही खूणही प्लिमथचीच असून या मोटारी १९४६ ते १९४८ या काळातील आहेत. १९४९ च्या पहिल्या काही महिन्यांपर्यंत त्या विकल्या जात होत्या. टोप्यांवरच्या डॉज या नावाने गोंधळून जाऊ नये. प्लिमथ, डॉज, डिसोटो आणि क्रायस्लर ही एकाच घरातील भावंडे होती, मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातही या गटाच्या गाड्या जोडल्या जात, आणि एकीची टोपी हरवली की दुसरीची बसवणे ही गॅरेजमधील रोजची गोष्ट होती.

मिस्त्रींनी बोल्टांशी केलेली झटापटही गाडी याच गटाची असल्याचे सांगते. या गटाच्या मोटारींत चाकाला नट नसतात. बोल्ट थेट हबमध्ये जातात आणि डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. ते बोल्ट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सैल होतात. नेहमीच्या सवयीने पाना लावून जोर केला की ते अधिकच आवळले जातात आणि शेवटी मुंडके तुटते. कृपया हे काम थांबवून आधी मिस्त्रींना एवढे सांगावे.

तथापि इंजिनाच्या क्रमांकावर एकट्यावर विसंबून चालणार नाही, कारण ७५ वर्षांत इंजिने एका गाडीतून दुसरीत जातात. निकाल चासीखाली, म्हणजे गाडीच्या मूळ लोखंडी सांगाड्याखाली, लागेल. गाडीच्या पुढच्या भागाखाली टॉर्च घेऊन वाकावे. पुढच्या चाकांपाशी गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि प्रत्येक चाकाला वेगळे आर्म दिसले, तर चासी मोटारीची आहे. त्या काळातील डॉज आणि याच गटाच्या फार्गो मालवाहू गाड्यांना पुढे सरळ एक्सल आणि पाट्यांच्या स्प्रिंगा असत. त्यानंतर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंमधील अंतर टेपने मोजावे. ते ११७ इंच, म्हणजे सुमारे २९७ सेंटिमीटर भरले, तर चासीही ‘पी १५’ चीच असण्याची दाट शक्यता आहे. त्याच वर्षांच्या डॉज मोटारीचे हे अंतर ११९.५ इंच होते. अडीच इंचांचा हा फरक टेपवर सहज कळतो.

इंजिनाबद्दल शंका उरली, तर एक तपासणी मला फार आवडते. हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, मागच्या बाजूला, सहाव्या सिलिंडरवर, एक छोटासा पाइप-प्लग असतो. तो काढून आत पातळ, सरळ तार सोडावी, सर्व स्पार्क प्लग काढून इंजिन हँडलने हळू फिरवावे आणि पिस्टन वर-खाली होताना तार किती सरकते ते पाहावे. सुमारे ११.१ सेंटिमीटर सरकली, तर ते अमेरिकी प्लिमथचे इंजिन आहे, आणि सुमारे ११.७ सरकली तर डॉजचे. सुमारे १०.३ सरकली तर ते कॅनडात बनलेले लांब इंजिन समजावे. त्याचे हेड २३ ऐवजी २५ इंचांचे असते. तार वाकडी होऊन आत अडकणार नाही, याची मात्र पूर्ण काळजी घ्यावी.

आता ‘कंपनीतूनच अशी आली’ या घरच्या समजुतीकडे वळू. प्लिमथने स्वतःच्या नावाची पिकअप १९३७ ते १९४१ या काळात बनवली. युद्धानंतरच्या ‘पी १५’ च्या वर्षांत तिने ती बनवली नाही. त्यामुळे ‘पी १५’ ची चासी आणि प्लिमथचे बॉनेट असलेली मालवाहू गाडी कोणाच्या तरी हातची आहे, आणि माझ्या मते ती मूळची सलून, म्हणजे बंद छताची प्रवासी मोटार असून मागचा भाग कापून तिला हौदा लावला आहे. याच्या खुणा शोधणे अवघड नाही. दाराच्या मागच्या खांबाला आतून हात लावून पाहावा. मागच्या दाराच्या बिजागरीच्या किंवा कुलपाच्या खाचा पत्रा लावून भरलेल्या असतील, तर तिला एके काळी चार दारे होती. केबिनची मागची भिंत आणि छत जिथे मिळतात तिथे रंगाखाली वेल्डिंगची किंवा शिशाने भरलेली रेघ सापडेल.

हौद्याला कमी लेखू नये. १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर यांच्यात धावलेली एस.टी.ची पहिली बसही लाकडी बॉडीची होती. सागवान, बोल्ट आणि लोखंडी पट्ट्या यांवर त्या वेळच्या बॉडी बांधणाऱ्यांचा हात बसलेला होता. आपल्या हौद्याच्या फळ्या चासीला कशा जोडल्या आहेत, फाळक्याची कडी हाताने घडवलेली आहे का, हे जवळून पाहावे आणि छायाचित्रे घ्यावीत. हौदा उतरवला की ही जोडणीच नष्ट होईल, आणि त्या जागी पत्र्याचा बसवल्यास गाडी ना प्लिमथ राहील, ना आजोबांची. म्हणून मिस्त्रींचा सल्ला मानू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

नोंदणीचा प्रश्न मात्र स्वतंत्र आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या, वैयक्तिक वापराच्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा विंटेज क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. परंतु गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. कापलेल्या मोटारीला ही अट अडचणीची ठरू शकते. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी जुने आर.सी. पुस्तक बाहेर काढून त्यातील बॉडीच्या प्रकाराची नोंद वाचावी. तिथे ‘सलून’ असून पुढे बदलाचा शिक्का असेल, तर बदल केव्हा झाला याची तारीखही आपल्याला त्याच पानावर मिळेल.